चाकाला कुंकू

मयुरीनं साफ सांगितलं होतं, स्पर्धेला माझ्यासोबत फक्त आबा येईल. आई नको, पप्पा नको, गल्लीतलं तर कुणीच नको. बारा वर्षांच्या पोरीनं असं सांगावं आणि घरादारानं मुकाट ऐकावं, एवढं तिचं घरात चालायचं. पण ज्या आबासाठी तिनं बाकीच्या सगळ्यांना तोडलं, त्याच्याच पोटात ती गोष्ट राहिली नाही. चहाच्या टपरीवर सांग, मारुतीच्या ओट्यावर सांग, जुन्या कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून सुटणाऱ्या पाळीला सांग, असं करत करत चिंधा बोरसेनं सुरतेच्या उधन्यातल्या निम्म्या खानदेशाला आमंत्रण देऊन टाकलं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून चलथाणला थोरल्या बहिणीला, सरलाबाईला, फोन लावला. स्वतःला ऐकू कमी येत असल्यामुळे फोनवर तो इतका ओरडून बोलायचा की राहिलेल्या निम्म्या खानदेशाला तेव्हा कळलं.

त्याचं कौतुक खोटं नव्हतं. नात चाकाच्या बुटांवर उभी राहून गाण्यावर गिरक्या घेते, उडी मारून एका पायावर उतरते, मागे न बघता मागे जाते, हे सगळं त्याला रोज बघूनसुद्धा खरं वाटत नसे. टीव्हीवर गोऱ्या मुली बर्फावर करतात तेच हे, पण सुरतेत बर्फ कुठला, म्हणून चाकांवर. शाळेतून तिची निवड झाली तेव्हापासून रोज संध्याकाळी सायकलवर मागे बसवून तो तिला क्लासला न्यायचा आणि संपेपर्यंत कठड्याला टेकून उभा राहायचा. क्लासचे महेश सर त्याला 'आबा'च म्हणायचे. तिच्या बुटांची चाकं काढून पुसणं, आतल्या बेअरिंगला तेलाचा थेंब सोडणं, पुन्हा बसवणं, हे काम त्याच्याकडे होतं. जन्मभर लूमच्या कारखान्यात त्यानं तेच केलेलं. तेलाचा डबा घेऊन मागांच्या रांगांमधून फिरायचं आणि प्रत्येक माग गुळगुळीत चालेल असं बघायचं. त्यातच कानांची वाट लागली. कारखान्यातला खडखडाट एकदा कानात शिरला तो निवृत्तीनंतरही बाहेर आला नाही.

पण त्या खडखडाटात माणसं बोलतातच. तोंडानं नाही, हातांनी. तार तुटली, सुताची कांडी संपली, शेठ येतोय, चहा आला, सगळ्याला खुणा असतात. चिंधाआबानं त्या खुणा नातीला ती रांगत होती तेव्हापासून शिकवल्या आणि पुढे तिनं स्वतःच्या चार नव्या घातल्या. क्लासमध्ये गाणं मोठ्यानं लागलेलं असायचं, ती लांब पलीकडच्या टोकाला असायची, आणि तिथून दोन बोटं हलवून विचारायची, बरोबर पडला का पाय? हा कठड्यावरून मान हलवायचा. उज्ज्वलाला, म्हणजे तिच्या आईला, ही भाषा येत नव्हती. योगराजला, म्हणजे बापाला, लूमवर असूनही जेमतेम यायची, कारण आता नव्या मशीनवर माणूसच कमी. तेव्हा ती भाषा या दोघांचीच होती, आणि स्पर्धेला फक्त आबाच हवा यामागचं कारणही तेच होतं. घाबरली तर लांबून बोलता येईल असं एकच माणूस तिच्याकडे होतं.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी छोटा हाथी टेम्पो उभा राहिला. मागच्या बाजूला सतरंज्या, त्यावर बायका, पोरं, भाकऱ्यांचं गाठोडं, ठेच्याचा डबा, पाण्याचा जार आणि मधोमध मांडीवर पूजेचं ताट घेऊन सरलाबाई. मयुरी पिशवी घेऊन बाहेर आली, टेम्पोकडे बघितलं, मग आबाकडे बघितलं. पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. आबाला जरा चुकल्यासारखं झालं, पण सगळी मंडळी एवढी हौसेनं नटून आलेली, आता काय परत पाठवायची? असं मनाशी म्हणून तोही मागे चढला आणि तापीच्या पुलावर वारं लागलं तेव्हा ते विसरूनही गेला.

टेम्पो सुटण्याआधी मयुरीला दारात परत बोलावून नारळ फोडला होता. सरलाबाईनं पोरीला कुंकू लावलं, ओवाळलं, इथवर मयुरीनं निमूट करून घेतलं. मग म्हातारीनं बूट मागितले. मयुरीनं पिशवी पाठीमागे घेतली.

"नही, आत्याजी. चाकले काहीच लावानं नही. सरनी सांगेल शे."

"आयुध शे ना ते? पूजा नको?"

"नही."

ते तेवढ्यावर राहिलं. आबा ऐकत होता, म्हणजे ओठ वाचत होता, आणि नात बरोबर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महेश सरांनी पहिल्याच महिन्यात त्याला बाजूला घेऊन समजावलेलं, की आबा, तेल फक्त बेअरिंगच्या आत, बाहेर आलं तर पुसून काढायचं, चाकाच्या पाठीवर थेंबही नको, मुलगी घसरेल. आबानं तेव्हा हसून सांगितलं होतं, साहेब, माझ्या तेलाचा डाग कधी कापडावर पडला नाही.

स्पर्धा तापीपलीकडे, पाल भागात एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. आत गारवा, चकचकीत फिकट लाकडी फरशी, एका बाजूला टेबलामागे परीक्षक, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांवर पालक. पालक म्हणजे एकेका मुलीमागे आई-बाप, फार तर एखादी मावशी, हातात मोबाईल धरून शांत बसलेले. तिथे उधन्याचा टेम्पो रिकामा झाला. सतरंजी अंथरायची का यावर बायकांत चर्चा झाली. एका पोरानं पिपाणी काढली ती स्वयंसेवकानं येऊन बंद करायला लावली. थोड्या वेळानं दुसरा येऊन म्हणाला, डबे इथे उघडू नका. योगराजची मान खाली गेली, उज्ज्वलानं भाकऱ्यांवर पदर टाकला. आबाला मात्र छाती फुगल्यासारखं वाटत होतं, कारण त्याचे जुने सोबती त्या फरशीकडे डोळे फाडून बघत होते आणि एकजण विचारत होता, हाई आपली पोर आठे नाचनार का?

या फेरीतून दोन मुली राज्याच्या स्पर्धेला वडोदऱ्याला जाणार होत्या. महेश सरांचं म्हणणं होतं, मयुरी पडली नाही तर एक जागा तिची. वर्षभर ती याच एका दिवसासाठी पडत आणि उठत होती.

सकाळचा सराव छान झाला. मग तिला वेणी नीट बांधून तो चमकता पोशाख घालायचा होता. बायकांच्या खोलीकडे निघताना तिनं बूट आबाच्या हातात दिले.

"आबा, हाई धर. खाले ठेवजो नको. मी आत्तेच येस."

आबा ते बूट मांडीवर घेऊन बसला. लहान लेकराला घ्यावं तसे. सरलाबाई शेजारी सरकली. पूजेचं ताट तिनं इथवर आणलंच होतं. तिनं भावाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली,

"काय रे चिंधा, जनमभर लोकेसना मशीनले कुंकू लायं, नी नातना चाकले काहीच नही?"

"पोर नही म्हनस. तिना सरले चालत नही."

"सर ना सर. देवले चालस का नही ते सांग."

मागच्या पायरीवरचे सोबती हसले. त्यातला एक म्हणाला, चिंधानं दसऱ्याला तर शेठच्या मोटारीलाही सोडलं नव्हतं. हे खरं होतं. दसऱ्याला कारखान्यात तेलात कुंकू कालवून प्रत्येक मागाला बोट लावायचं काम त्याचं असायचं, आणि एके वर्षी एक माग राहिला, तर त्याच हिवाळ्यात त्या मागावर एका पोराचं बोट गेलं. ते कुंकवामुळे गेलं नाही हे आबाला समजत होतं. पण ते त्याच्या मनातून कधी निघालंही नव्हतं. आता मांडीवर नातीची चाकं, ती उडी मारणार, तिचे हातपाय कोवळे. आणि मागे सगळे बघतायत, की हा आता लावतो का नाही.

बेअरिंगच्या तेलाची बाटली त्याच्या खिशात असायचीच. त्यानं तळहातावर थेंब सोडला, ताटातली चिमूट त्यात कालवली, आणि आठही चाकांच्या आतल्या बाजूला, बूट घालताना पोरीला दिसणार नाही अशा जागी, एकेक बोट टेकवलं. हात जोडले. सरलाबाईनं समाधानानं मान हलवली. चोरून केलं म्हणून मनात थोडं खुपलं, पण आतल्या बाजूला तर आहे, असं म्हणून त्यानं ते दाबलं. चाकाच्या पाठीवर त्यानं एक थेंब लागू दिला नव्हता. एवढं तेल कोमट तळहातानं पातळ झालं की ते एका जागी बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं?

तेवढ्यात मयुरीचं नाव पुकारलं. ती धावत आली, बूट घेतले, घाईघाईनं लेस ओढल्या, आबाकडे बघून दोन बोटं कपाळाला लावली. ती त्यांची आपली खूण, मी निघाले. आबानं उलटी खूण केली. मागे बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि महेश सरांनी वळून ओठांवर बोट ठेवलं.

सुरुवात झाली तेव्हा आबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. लांब पाय टाकत ती गोल फिरली, हात पंखांसारखे, मान वर. पहिली उडी बरोबर पडली. मग गिरकीसाठी तिनं पाय आत घेतला, चाक फरशीवरून घसरलं आणि ती एका अंगावर आपटली. उठली. पुन्हा गाण्यात मिसळली. दुसऱ्या गिरकीला पुन्हा पडली. तिच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, आश्चर्य होतं. जो पाय वर्षभर टिकला तो आज का टिकत नाही, हे ती फरशीकडे बघून शोधत होती. गाणं संपलं तेव्हा ती वाकून नमस्कार करून कडेला गेली, आणि आबाच्या बाजूची मंडळी कुजबुजायला लागली, की पोर घाबरली.

आबाला मात्र वरच्या पायरीवरून फरशी दिसत होती. फिकट लाकडावर तांबड्या, बारीक, गोलाकार रेघा. त्यानं त्या बघितल्या आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. उठून ओरडायला हवं होतं की थांबा, फरशी पुसा. ओरडायला तोंड होतं, वेळही होता. पण त्याला वाटलं, इतक्या लांबून कुणाच्या लक्षात येईल, बारीक तर आहेत. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. धारा नावाची, मयुरीपेक्षा लहान, निळ्या पोशाखातली. ती दुसऱ्याच वळणाला त्या रेघांवरून गेली आणि हातावर पडली, आणि पडल्यावर जो आवाज तिनं काढला तो आबालासुद्धा ऐकू आला.

गाणं बंद पडलं. धाराचा बाप पायऱ्या उतरून धावला. कुणीतरी फरशीवर बोट फिरवून बघितलं, लाल झालेलं बोट परीक्षकांना दाखवलं. महेश सरांनी मयुरीला बोलावून एक बूट काढायला लावला, तो उलटा केला आणि चाक फिरवलं. हॉल एवढा गप्प झाला की मागे बसलेल्या सगळ्यांना त्यांचं बोलणं ऐकू गेलं. आबाला ते ओठांवर दिसलं.

"आ शुं छे? कोणे लगाव्युं, मयुरी?"

मयुरीनं चाकाकडे बघितलं. मग तिनं मान वर करून थेट पायऱ्यांकडे बघितलं, इतक्या माणसांतून बरोबर आबाकडे. तिला एका नजरेत समजलं होतं. बूट कुणाच्या हातात दिले होते ते ती विसरली नव्हती. तिनं छातीशी हात ठेवून बोट आबाकडे केलं आणि मग दोन बोटं ओठांपाशी नेऊन उघडली. कारखान्यातली अगदी साधी खूण होती. तू बोल.

धाराचा बाप तोवर उभा राहून विचारत होता, कुणाचं डोकं फिरलंय, चाकाला तेल कोण लावतं? शेजारी सरलाबाई ताटावर पदर ओढत होती. मागे सोबती होते, ज्यांच्यापुढे इतके दिवस तो नातीच्या गोष्टी सांगत होता. एवढ्या सगळ्यांसमोर उठून, हा मूर्ख मी, असं म्हणायचं. आणि आबानं जे केलं ते त्याचं त्यालाही पुढे कधी पटलं नाही. त्यानं तळहात कानामागे नेला आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

हाताच्या खुणेला त्यानं ऐकू येत नाही म्हणून सांगितलं. साऱ्या जगाला फसवता आलं असतं, तिला नाही.

मयुरीचा हात खाली आला. मग ती सरांकडे वळली.

"में लगाव्युं, सर."

त्यानंतर जे झालं ते आबानं मान खाली घालून बघितलं. माणसं ओल्या फडक्यांनी फरशी पुसत होती. धाराचा हात ओढणीनं गळ्यात बांधला. परीक्षकांनी ठरवलं, की उरलेल्या मुलींची फेरी फरशी सुकल्यावर होईल, धाराला जमलं तर शेवटी संधी देऊ, आणि मयुरीचे गुण आहेत तेच राहतील, कारण चूक तिची. महेश सर तिला काही रागानं बोलले नाहीत. बूट तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. ती कडेच्या बाकावर जाऊन एकटी बसली. फेऱ्या चालू राहिल्या. मुली येत होत्या, नाचत होत्या, जात होत्या. प्रत्येक गाणं संपलं की आबा मनाशी म्हणायचा, आता उठतो. पुढचं गाणं लागलं की म्हणायचा, हे संपू दे. लाजेनं माणूस लाल होतो म्हणतात. त्याला थंडी वाजत होती. सगळ्या कारखान्यात ज्याच्या शब्दावर माग थांबायचे, त्याला तेवढ्या पायऱ्या उतरवेनात.

निकाल भिंतीवर लागला. मयुरीचं नाव खालून वाचायला सोपं होतं.

सगळे टेम्पोपाशी जमले तेव्हा दुपार टळली होती. भाकऱ्यांचं गाठोडं तसंच होतं. बायकांनी सुरू केलं होतं, की हे लोक मुद्दाम करतात, आपली पोर पुढे जाऊ देत नाहीत. लोकांसमोर खाली गेलेल्या मानेचा राग योगराजला कुणावर तरी काढायचा होता. मयुरी पिशवी घेऊन आली तसा तो तिच्यावर धावला.

"तुले अक्कल शे का? वर्षभर मरमर करी नी चाकले कोनी कुंकू लावस का? त्या पोरना हात मोडता तर?"

"जाऊ द्या ना," उज्ज्वला म्हणाली. "पोर शे."

मयुरीनं बापाकडे बघितलं नाही, आबाकडेही नाही. खाली बघून उभी राहिली. बारा वर्षांची पोर, कपाळावर सकाळचं कुंकू, खांदा सुजलेला, आणि आपण न केलेल्या गोष्टीचं बोलणं खात होती. हे मात्र आबाला सोसवलं नाही. पण तेही खरं तर उशिराच.

"तिनी नही लायं," तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही, इतक्या हळू की योगराजला पुन्हा विचारावं लागलं. "मी लायं. तिनी माले सांभाळाले दिन्हं व्हतं. मी लायं."

योगराजचं तोंड उघडं राहिलं. मग सरलाबाईनंच कोंडी फोडली.

"देवनं नाव लिसन करं ना तू? मंग त्यामा काय बिघडनं? म्हातारा मानूस, मायानी करं. चला, दोन घास खाई ल्या."

आणि बघता बघता सगळ्यांनी ते उचललं. हो ना, मायेनंच केलं. आबाचा जीवच तेवढा पोरीवर. पुढल्या वर्षी जाईल ती. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी पाण्याचा पेला पुढे केला. कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या मायेच्या बोलण्यात तो बुडत चालला होता आणि त्याला वर यायची इच्छा नव्हती.

मयुरीनं त्याची बाही ओढली.

"आठे नको सांगू, आबा," ती म्हणाली. "सरले सांग."

ते दोघंच परत आत गेले. हॉलमध्ये खुर्च्या उचलत होते. महेश सर टेबलापाशी संयोजकांशी बोलत उभे होते, शेजारी धारा आणि तिचा बाप. धाराचा हात मोडला नव्हता, मुरगळला होता, पण शेवटी संधी मिळूनही तिला फरशीवर उतरवलं नव्हतं. आबानं पायातल्या चपला दारातच काढल्या. का काढल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढे जाऊन त्यानं हात जोडले आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की मुलीनं नाही केलं साहेब, मी केलं, तिनं नको म्हटलेलं असताना केलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी वर बसलो होतो. मला दिसत होतं. मी बोललो नाही.

धाराच्या बापानं ओरडावं म्हणून तो मान खाली घालून थांबला. पण बाप ओरडला नाही. म्हातारा थरथरतोय बघून त्यानं एक खुर्ची ओढली आणि बसा म्हणून खूण केली. आबाला त्या खुर्चीवर बसताना जेवढं लाजिरवाणं झालं तेवढं दिवसभरात झालं नव्हतं. निळ्या पोशाखातली ती पोर बांधलेला हात धरून त्याच्याकडे कुतूहलानं बघत होती.

संयोजक म्हणाले, काका, निकाल लागायच्या आधी हे सांगितलं असतंत, तर मुलीची चूक नाही म्हणून तिलाही पुन्हा उतरवता आलं असतं. इतर मुली नाचत होत्या तेवढा वेळ होता. आता कागद वर गेले.

तेवढा वेळ. आबाला ते एकेक गाणं आठवलं, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी आपण काय म्हणत होतो तेही.

महेश सर मयुरीसमोर गुडघ्यावर बसले आणि तिच्याशी गुजरातीत हळू बोलले. आबाला त्यांची पाठ दिसत होती, ओठ दिसत नव्हते. मयुरी मान हलवत होती. शेवटी ते उठले आणि आबाला दिसेल असं तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलले. सोमवारपासून तिला क्लासला पाठवा. मी तिला काढत नाही. पण आबा, तुम्ही नका येऊ. बूट तुमच्या हातात नकोत. दुसरं कुणीतरी येऊ दे तिच्याबरोबर.

आबानं मान डोलावली. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. माणूस रास्त बोलत होता. पण मान डोलावतानाच त्याची नजर मयुरीकडे गेली. ती सरांना सांगेल, असं त्याला वाटलं. आबाच आणतो मला, दुसरं कुणी नको, असं ती नेहमीच्या ठसक्यात म्हणेल, आणि सर जरा कचरतील, आणि मग बघू म्हणतील. तिच्या घरातल्या प्रत्येक हट्टात तो तिच्या बाजूनं उभा राहिला होता. तेवढ्या एका शब्दासाठी तो खुर्चीच्या कडेवर सरकून, तिच्या ओठांकडे डोळे लावून बसला.

मयुरी बूट उलटा धरून फडक्यानं चाक पुसत होती. आतल्या बाजूला अजून थोडं तांबडं राहिलं होतं. ते निघेपर्यंत तिनं पुसलं, मग दुसरं चाक घेतलं.

"चालशे, सर," ती म्हणाली.